कॅलेंडर बघून ट्रेडिंग : कोणाला खरंच जमलंय का?

विश्रामबागवाला

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत एक उद्योग केला. निफ्टीचे (एनएसईवरच्या ५० मोठ्या शेअरांचा निर्देशांक) १९९६ पासूनचे महिनेवार आकडे एक्सेलमध्ये घेतले. वाढलेला महिना हिरवा, पडलेला लाल. आडवे बारा महिने, उभी सगळी वर्षं. असा रंगीत पट झालाय की बायको म्हणाली, रांगोळीला याचाच नमुना घेऊ.

लांबून बघितलं तर रंग सारखे पसरलेले नाहीत. काही महिन्यांचे उभे पट्टे हिरवेगार दिसतात, काही ठिकाणी लाल ठिगळं. गावातल्या एका सेमिनारमध्येही परवा हेच ऐकलं, की बाजाराला ऋतू असतात, तज्ज्ञ लोक तारखा बघून सौदे करतात. माझा बेत असा : नोव्हेंबरच्या सुरुवातीला घ्यायचं, एप्रिल संपता संपता विकायचं, पावसाळाभर पैसे लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा काढता येतील अशा कमी जोखमीच्या फंडात. वर्षाला दोन सौदे, डोक्याला ताप नाही.

हे कोणी प्रत्यक्ष केलंय का? नुसतं 'बाजारात नशीब लागतं' असं सांगू नका, ते माहीत आहे.

कृष्णाकाठचा_काका

हे तुमच्या सेमिनारवाल्याचं डोकं नाही. लंडनच्या बाजारात फार जुनी म्हण आहे, मे महिन्यात विका आणि सेंट लेजरच्या दिवशी परत या. सेंट लेजर म्हणजे तिकडची सप्टेंबरातली घोड्यांची शर्यत. साहेब लोक उन्हाळ्यात सुट्टीवर जायचे, बाजार ओस पडायचा.

पण हसण्यावारी नेऊ नका. २००२ मध्ये बाउमन आणि याकोबसेन या दोघांनी ३७ देशांचे बाजार तपासले, त्यांतल्या ३६ ठिकाणी नोव्हेंबर ते एप्रिल हा अर्धा मे ते ऑक्टोबरपेक्षा सरस निघाला. का, ते मात्र आजवर कोणाला धड सांगता आलेलं नाही. माझं मत, बेतात दम आहे.

भडंगप्रेमी

बाकी संस्थळांवर पॉपकॉर्न घेऊन बसतात. मी भडंगाची पुडी फोडलीय. चालू द्या.

एक्सेलशीट_ताई

विश्रामबागवाला, पट छान, पण आधी मे महिन्याचा पट्टा उघडा.

२००४ चा मे निफ्टीला सुमारे १७ टक्के खाली घेऊन गेला. २००९ चा मे सुमारे २८ टक्के वर. दोन्हीचं कारण एकच, लोकसभेचा निकाल. १७ मे २००४ ला बाजार इतका कोसळला की व्यवहार थांबवावे लागले. १८ मे २००९ ला बाजार उघडला आणि अप्पर सर्किट (वाढीची ठरलेली मर्यादा) लागून दिवसभरासाठी बंद झाला. विकणारा कोणी नव्हताच.

आता तुमच्याकडे मे महिने किती? तीसच्या आसपास. त्यात एकटा २००९ चा मे सरासरीत जवळपास एक टक्क्याची भर घालतो. तो काढून बघा, मग २००४ चा काढून बघा. दोन चौकोन हलवले की 'मे चांगला' चा 'मे वाईट' होतो आणि परत उलटं. त्याला ऋतू म्हणत नाहीत. पाच वर्षांनी येणारी निवडणूक त्या पट्ट्यात लपून बसलीय, एवढंच.

निवडणूकही मेमध्येच असते असं नाही. १९९८ ला फेब्रुवारीत होती, १९९९ ला सप्टेंबर-ऑक्टोबरात, २०२४ चा निकाल ४ जूनला लागला. त्या दिवशी सेन्सेक्स चार हजारांहून जास्त पडला, आदल्याच दिवशी अडीच हजार चढला होता. तुमच्या पटात हे सगळं 'जून' मध्ये जमा.

आणखी एक. बारा महिने, पाच वार, एक्स्पायरीचा (वायद्याची मुदत संपायचा) आठवडा, महिन्याची पहिली तारीख, शेवटची तारीख... असे वीसेक पट्टे तपासले की एखादा निव्वळ योगायोगानेच उठून दिसतो. आणि आपण नेमका तोच प्रिंट काढून भिंतीवर लावतो.

विश्रामबागवाला

ताई, मी सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) घेतला तर? मग एखाद्या टोकाच्या वर्षाने फरक पडणार नाही.

एक्सेलशीट_ताई

घ्या की. सरासरीपेक्षा बरंच. पण तीस आकड्यांचा मध्यक पुढच्या एका मेबद्दल फार काही बोलत नाही.

माधवनगर_मंदी

गुरुवारचा एक्स्पायरी पॅटर्न शोधून ठेवला होता. दोन वाजल्यानंतर अमुक झालं की तमुक. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरीच मंगळवारी गेली. आता तो गुरुवार काय लोणच्यात घालू?

भडंगप्रेमी

घाला. नोव्हेंबर २०२४ पासून बँक निफ्टीची वीकली (दर आठवड्याची) एक्स्पायरी बंद झाली, तिचाही फोडी करून घाला त्यातच. बरणी मोठी घ्या.

कृष्णाकाठचा_काका

ही फेरबदलाची गोष्ट नवी नाही. जुन्या काळी बीएसईची सेटलमेंट, म्हणजे सौदे जमवून हिशोब मिटवायचा आठवडा, सोमवार ते शुक्रवार असायची, एनएसईची बुधवार ते मंगळवार. त्यामुळे शुक्रवारी इकडे पोझिशन (उघडे सौदे) कापायची घाई, मंगळवारी तिकडे. बदला करून, म्हणजे व्याज भरून सौदा पुढच्या सेटलमेंटला ओढणारेही होते. आमच्या गावभागातल्या सबब्रोकरच्या माडीवर शुक्रवारी दुपारी पाय ठेवायला जागा नसे. दोन फोन, दोन्ही कायम एंगेज, आणि खाली चहावाल्याचं पोरगं दर अर्ध्या तासाला कपबशा मोजत उभं. २००१ मध्ये बदला गेला, रोलिंग सेटलमेंट (रोजच्या सौद्यांचा रोज वेगळा हिशोब) आली, आणि शुक्रवारची ती गर्दी एका वर्षात विरली.

आता कोणी १९९६ पासूनचा 'शुक्रवार पॅटर्न' काढला, तर त्यातली पहिली पाच वर्षं वेगळ्याच बाजाराची आहेत. चार्टला हे कळत नाही, तो सगळे शुक्रवार एकाच पोत्यात भरतो.

(वरती मी बेताची बाजू घेतली होती हे लक्षात आहे. अजूनही घेतोय, पण महिन्यांपुरती. वारांची नाही.)

आडत_गल्ली

मी शेअरवाला नाही, हळदवाला आहे. मार्केट यार्डात आमची आडत, आजोबांपासून. तरी बोलतो.

हंगाम म्हणजे काय ते आमच्याकडे येऊन बघा. जानेवारी-फेब्रुवारीपासून नवी राजापुरी हळद यार्डात यायला लागते. सौद्याच्या दिवशी व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलतो, कडकन मोडतो आणि आतला रंग बघतो. मोडताना आवाज कसा येतो यावरून ओल कळते. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात, शर्टाच्या बाह्या, मोबाईलचा काच, सगळं पिवळं. माल एकदम येतो तेव्हा भाव दबतो, ज्याला पैशाची नड नाही तो माल धरून ठेवतो. पूर्वी हरिपूरच्या पेवांत ठेवायचे. जमिनीतलं कोठार, तोंड लिंपून बंद. उघडलं की लगेच कोणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, तेव्हापासून ती पद्धत उतरणीला लागली. आता गोदामं, कोल्ड स्टोरेज.

तर हळदीला कॅलेंडर आहे, कारण हळदीला जमीन आहे, पेरणी-काढणी आहे. बेदाण्याचंही तसंच. द्राक्षं उतरतात, शेडवर सुकतात, मग तासगाव-सांगलीत सौदे. दिवाळीच्या आधी सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट करतात, म्हणजे सगळ्यांची सगळी देणी पुरी. ते तर माणसांनीच बसवलेलं कॅलेंडर, तरी दरवर्षी पाळलं जातं.

आणि एवढं असूनही २०२३ च्या पावसाळ्यात हळदीने जी उसळी घेतली, ती 'माल येऊन गेला, आता हळूहळू सुधारेल' म्हणणाऱ्या कोणाच्या वहीत नव्हती. लागवड कमी, पाऊस लांबला. ज्यांनी सवयीने मेमध्ये विकून टाकली ते अजून यार्डात भेटले की तोच विषय काढतात.

आता मला सांगा, तुमच्या निफ्टीची काढणी कुठल्या महिन्यात असते?

विश्रामबागवाला

आडतवाले दादा, नमस्कार घ्या. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही.

अजिंक्यताऱ्यावरून

साताऱ्याहून हजेरी. निफ्टीचं सोडा, आम्हाला वाटायचं साखरेच्या शेअरना तरी हंगाम असणार. चहूबाजूंनी कारखाने, ऑक्टोबर-नोव्हेंबरात बॉयलर पेटला की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर. मित्रांचा एक कंपू दर वर्षी गाळप सुरू व्हायच्या आधी साखरेचे शेअर घ्यायचा. ऊस किती, उतारा (उसातून निघणारी साखर) किती, सगळी खबर घरात.

२०२३ ला डिसेंबरच्या ७ तारखेला केंद्राचा आदेश आला, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. दुसऱ्या दिवशी शेअर धाडकन खाली. आठवड्याभरात थोडी सवलत दिली म्हणा, पण तोवर अर्धा कंपू बाहेर पडला होता. उसाचा उतारा कोणाचा चुकला नव्हता. दिल्लीचं पत्र कुठल्या महिन्यात येतं हे मात्र कोणत्याच चार्टवर नसतं.

भडंगप्रेमी

साताऱ्याचे लोक धाग्यावर आले, पण कंदी पेढे आणले नाहीत. निषेध.

अजिंक्यताऱ्यावरून

सांगलीकरांनी आधी भडंगाची पुडी इकडे सरकवावी.

पौर्णिमा_अमावास्या

आमच्या ओळखीत अमावास्येला एकही सौदा न करणारे पक्के ट्रेडर आहेत. स्क्रीनच लावत नाहीत. याच्यावर कोणी पट बनवलाय का?

एक्सेलशीट_ताई

बनवलाय, आणि मजा अशी की उलटा निघाला. ४८ देशांच्या बाजारांवर २००६ मध्ये एक अभ्यास आला होता. त्यात पौर्णिमेच्या आसपासचे दिवस कमी परताव्याचे आणि अमावास्येच्या आसपासचे जास्त परताव्याचे निघाले. म्हणजे तुमचे पक्के ट्रेडर नेमक्या बऱ्या दिवशी सुट्टी घेतात.

यावरून आता अमावास्येला घेत सुटू नका कोणी. माझा मुद्दा वेगळा आहे. आकड्यांत शोधलं की चंद्रही सापडतो.

गॅन_पंथी

तुम्ही सगळे महिन्यांच्या सरासरीत अडकलात. तारखांचा खरा अभ्यास डब्ल्यू. डी. गॅनने केला. १८७८ चा जन्म, कापसाच्या भागातला टेक्ससचा माणूस. काळ आणि भाव यांचं नातं त्याने मांडलं. उच्चांकापासून ९०, १४४, १८०, ३६० दिवस मोजा, तिथे वळण दिसतं. मी वापरतो. अचूक तारखेला नाही, पण दोन-चार दिवस इकडेतिकडे हमखास.

एक्सेलशीट_ताई

प्रत्येक उच्चांकापासून आणि प्रत्येक नीचांकापासून चार-चार तारखा, त्याही दोन-चार दिवस इकडेतिकडे. वर्षातला कुठला दिवस मोकळा राहिला हो?

गॅन_पंथी

कुचेष्टा सोपी असते. आधी पाच वर्षं करून बघा.

माधवनगर_मंदी

गॅनभाऊ, रागावू नका. पण तारीख आधी लिहून ठेवलेली वही दाखवा की. वळण येऊन गेल्यावर चार्टवर उभी रेघ मारायला काय, मीही मारतो.

गॅन_पंथी

वही आहे. पण नियम सांगितल्याशिवाय वहीला अर्थ नाही, आणि नियम असे धाग्यावर सांगत नसतात.

भडंगप्रेमी

:))

व्यवस्थापक

कृपया लक्ष द्यावे. कालपासून या धाग्यावर टेलिग्राम गटांचे तीन दुवे आले, तिन्ही उडवले आहेत. सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी नसताना पैसे घेऊन खरेदी-विक्रीचा सल्ला देता येत नाही. चर्चा करा, टिप्स नकोत.

मिरजेचा_करसल्लागार

एवढी चर्चा झाली आणि कराबद्दल चकार शब्द नाही, म्हणून लिहितो.

बेत असा की नोव्हेंबरात घ्यायचं, एप्रिलमध्ये विकायचं. म्हणजे कुठलीच खरेदी बारा महिने ओलांडणार नाही. दर वर्षीचा सगळा नफा अल्पकालीन. २३ जुलै २०२४ पासून शेअरवरचा अल्पकालीन भांडवली नफा २० टक्क्यांनी करपात्र आहे. तोच माल बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर दर १२.५ टक्के, आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर काहीच नाही. वर घेताना ०.१ टक्का आणि विकताना ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर. ही गळती दर वर्षी. न विकणाऱ्याचा कर पुढे ढकलला जातो आणि ते पैसे त्याच्यासाठी राबत राहतात.

दुसरं, पावसाळाभर बाहेर बसणार म्हणजे लाभांश सोडणार. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांचा अंतिम लाभांश वार्षिक सभेच्या सुमारास, जून ते ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. तुमच्या पटातली निफ्टी ही नुसत्या भावाची आहे, त्यात लाभांश धरलेला नसतो. म्हणजे जे महिने तुम्ही लाल रंगवलेत ते दिसतात त्यापेक्षा थोडे कमी लाल आहेत. टोटल रिटर्न इंडेक्सचे, म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाचे आकडे घेऊन पट पुन्हा करा. आणि समोर लिक्विड फंडाचं व्याजही धरा, नाहीतर तुलना एकतर्फी होईल.

आता कॅलेंडरचा जो परिणाम मी दर मार्चमध्ये डोळ्यांनी बघतो तो सांगतो. पहिल्या पंधरवड्यानंतर अशिलांचे फोन सुरू, 'तोट्यातलं काय विकू म्हणजे नफ्याशी वळतं होईल?' पडलेले शेअर आणखी विकले जातात, एप्रिलमध्ये तो दाब उठतो. अमेरिकेत कराचं वर्ष डिसेंबरला संपतं, म्हणून त्यांच्याकडे छोट्या शेअरांचा 'जानेवारी इफेक्ट' (डिसेंबरचा दाब उठून जानेवारीत चढणं) गाजला. ज्यांनी तो जसाच्या तसा आपल्या जानेवारीला चिकटवला त्यांनी कारण सोडून तारीख तेवढी उचलली.

कृष्णाकाठचा_काका

करसल्लागार साहेबांनी माझी बाजू बरीच लंगडी केली. लाभांशाचा मुद्दा डोक्यातच नव्हता. यावरून अर्थसंकल्प आठवला. २०१६ पर्यंत तो फेब्रुवारीच्या शेवटी यायचा, २०१७ पासून १ फेब्रुवारीला. 'बजेटच्या आधी चढतं, नंतर उतरतं' हे ज्यांनी फेब्रुवारी-मार्चवर बसवलं होतं त्यांचा सगळा पट एक महिना डावीकडे सरकला.

कॉलेज_कॉर्नर

काका लोकांनो, एवढं डोकं कशाला? मी ऑप्शन करतो. सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ, बास.

माधवनगर_मंदी

भावा, सेबीने सप्टेंबर २०२४ ला आकडे दिलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुझे पंधरा मिनिट त्यात कुठे बसतात ते एकदा ब्रोकरच्या टॅक्स रिपोर्टमध्ये बघ. स्क्रीनशॉटमध्ये नको.

कॉलेज_कॉर्नर

बघतो. रिपोर्टचा पासवर्ड पॅन नंबर असतो ना?

माधवनगर_मंदी

म्हणजे आजवर उघडलाच नाहीस. देवा.

वारणेकाठची

माझा अनुभव थोडा वेगळा. मी तारखा बघते, पण भाकितासाठी नाही. तिमाही निकाल, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, अर्थसंकल्प, मंगळवारची एक्स्पायरी, एवढं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवते. त्या दिवशी भाव कुठे जाईल ते मला कळत नाही, पण जोरात हलेल एवढं कळतं. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी पोझिशन अर्ध्यावर. याचा मला उपयोग झालाय.

हंगामाचं मात्र पटत नाही. एसी कंपन्यांचंच बघा. उन्हाळा येतो हे मला, तुम्हाला, सगळ्या बाजाराला माहीत असतं, म्हणजे ते भावात आधीच आलेलं असतं. कमाई तेव्हाच, जेव्हा उन्हाळा अंदाजापेक्षा कडक निघतो. २०२५ ला काय झालं? २४ मेलाच मोसमी पाऊस केरळात, आणि आपल्याकडे मेमध्येच ओढे वाहायला लागले. एसीचा खप बसला, जून तिमाहीचे निकाल सुमार. मार्चमध्ये 'दर वर्षी चढतात' म्हणून घेतलेले माझ्या मावसभावाकडे अजून पडून आहेत. घरात एसी नाही, शेअर तेवढे आहेत.

आडत_गल्ली

ताईंचं बरोबर. आमच्याकडेही आवक वाढणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यात कमाई नाही. आवक किती कमी पडणार हे ज्याला आधी कळतं तो कमावतो, आणि तो यार्डात बोलत नाही.

विश्रामबागवाला

सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून पट पुन्हा केला. टोटल रिटर्नचे आकडे घेतले, समोर लिक्विड फंड, २० टक्के कर आणि एसटीटी धरला. एकदा निवडणुकीचे महिने ठेवून, एकदा काढून. नोव्हेंबर-एप्रिलचा बेत आणि नुसतं धरून बसणं यांच्यात धरून बसणं पुढे निघालं. सुरुवात कुठल्या वर्षापासून धरता यावर अंतर कमी-जास्त होतं, पण बेताच्या बाजूने ते कधी झुकलं नाही.

त्यामुळे एसआयपी आहे तशी चालू ठेवतोय. वारणेकाठच्या ताईंची गोल करायची पद्धत उचलली.

तरी एक खोड अजून जात नाही. इंग्रजी महिन्यांऐवजी दिवाळीपासून मोजलं तर? आपला सण कधी ऑक्टोबरात येतो, कधी नोव्हेंबरात. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, २०२३ चं १२ नोव्हेंबरला, २०२४ चं १ नोव्हेंबरला, २०२५ चं २१ ऑक्टोबरला, आणि मुहूर्ताचे सौदेही त्या वर्षी संध्याकाळऐवजी दुपारी झाले. माझ्या पटात दिवाळी दोन पट्ट्यांत फाटलीय.

एक्सेलशीट_ताई

करा, कुतूहल म्हणून करा. पैसे लावू नका. तिथीप्रमाणे कॉलम पाडताना अधिक महिन्याचं काय करणार? २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, दिवाळी ८ नोव्हेंबरला जाते. त्या वर्षात तेरा रकाने होतील.

विश्रामबागवाला

तेरावा रकाना कुठे घालायचा तेच विचारणार होतो.

भडंगप्रेमी

अधिकात जावयाला वाण देतात. रकाना जावयाच्या नावाने काढा, नफा आपोआप त्याच्याकडेच जाईल.

मिरजेचा_करसल्लागार

जावयाला दिलेली भेट करमुक्त आहे, पण पावती ठेवा.